बेडकाच्या पोटावरची चीर

मला हात लावायचा असेल तर आधी बोटातली अंगठी काढा, मित्रांनो. नखे वाढलेली असतील तर लांबूनच बघा. आणि फुगा हातात धरला की कुणाच्या हाताला खाज सुटत असेल, तर त्याने दाराशीच थांबावे. रागावू नका. मी उद्धट नाही, मी घाबरट आहे. मला माझी भीती वाटते आणि माझ्याजवळ येणाऱ्यांची त्याहून जास्त वाटते.

मी एक जुना रबरी पोशाख आहे. बेडकाचा. आता माझा रंग विटला आहे. कोपरांवर पांढुरकी साय आली आहे. गळ्यापासून पोटापर्यंत एक लांब चीर आहे आणि तिच्यावर एक रुंद पट्टी चिकटवलेली आहे. एके काळी मात्र मी असा चकाकत असे, की मी रंगमंचावर आलो की पहिल्या रांगेतली मुले पाय वर घेऊन बसत. त्यांना वाटे, आता आपल्या अंगावर पाणी उडणार.

माझी सुरुवात एका झाडात झाली. रबराच्या झाडाच्या खोडाला तिरकी खाच पाडतात. त्या खाचेतून दुधासारखा पांढरा चीक थेंबाथेंबाने वाटीत उतरतो. तो चीक म्हणजे मी. कारखान्यात त्या चिकात हिरवा रंग मिसळला, त्याचे पातळ तक्ते केले आणि मध्ये कागद घालून त्यांची गुंडाळी केली. ती गुंडाळी एका नाटक मंडळीच्या कपडेपटात येऊन पडली. कपडेपट म्हणजे नाटकातले सगळे कपडे जिथे शिवतात, धुतात आणि टांगून ठेवतात ती खोली. तिथे राजाचे झगे होते, वाघाचे शेपूट होते, ढगांच्या टोप्या होत्या. सगळे कापडाचे. रबराचा मी एकटाच.

त्या कपडेपटाची सारी जबाबदारी एका बाईंवर होती. सगळी मंडळी त्यांना ताई म्हणत. त्यांच्या गळ्यात मोजपट्टी आणि कमरेला दोरीने बांधलेली कात्री सदैव असे. ताईंनी माझी गुंडाळी उघडली आणि त्या नुसत्याच बघत राहिल्या. मग त्यांनी सुया टोचलेली उशी उचलून दूरच्या फळीवर ठेवली.

"तुला सुई चालायची नाही," त्या म्हणाल्या. त्यांना एकट्याने काम करताना कपड्यांशी बोलायची सवय होती. "एक भोक पडलं की तू टरकन फाटत जाशील."

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला असता, पण रबराच्या अंगावर काटाही येत नाही.

ताईंनी मला गोल पात्याने कापले. दोन्ही कडांना डिंकासारखे द्रावण लावले, ते हाताला चिकटेनासे झाल्यावर कडा एकमेकींवर बसवल्या आणि छोट्या लाकडी रुळाने दाबत नेल्या. द्रावणाचा वास डोक्यात जाई, म्हणून त्या सगळ्या खिडक्या उघड्या ठेवत. ऊन मात्र माझ्यावर पडू देत नसत. उन्हाने मी ठिसूळ होतो. तेलाने मी लिबलिबीत होतो. तांब्यापितळेच्या बटनाशेजारी ठेवले तर माझ्यावर तपकिरी डाग पडतात. माझ्या अशा तक्रारींची यादी वाढतच गेली, तेव्हा ताई हसून म्हणाल्या, "अगदी आमच्या आत्याबाईंसारखा आहेस. हे सोसत नाही आणि ते सोसत नाही."

शेवटी पाठीवर चेन बसली, बोटांमध्ये पातळ पडदे आले, डोके वेगळे तयार झाले. मी उभा राहिलो.

नाटकाचे नाव होते 'डराव'. आवाज हरवलेला एक बेडूक तो शोधायला निघतो आणि एक म्हातारे कासव त्याला साथ देते, अशी गोष्ट होती. बेडकाच्या कामासाठी मंडळीतला सर्वांत देखणा, उंच नट निवडला होता. त्याला सगळे हिरो म्हणत. ताईंनी त्याला पोशाख चढवण्याआधी माझ्याच कापातली एक पट्टी त्याच्या मनगटाला बांधायला दिली.

"दोन दिवस बांधून ठेव. खाज आली, पुरळ आलं, तर लगेच सोड आणि मला सांग. चिकाचं काही जणांना वावडं असतं."

हिरोला खाज आली. पण काम जाईल या भीतीने त्याने पट्टी सोडली, लाल झालेले मनगट लांब बाहीखाली लपवले आणि काही न बोलता तालमीला आला. माझे डोके त्याने हौसेने चढवले. थोड्याच वेळात त्याचे ओठ सुजले. पापण्या फुगल्या. श्वास घेताना छातीतून शिटीसारखा आवाज येऊ लागला. ताईंनी एका झटक्यात डोके काढले आणि त्याला तसाच दवाखान्यात नेले.

तो बरा झाला, मित्रांनो. पण डॉक्टरांनी त्याला बजावले, की यापुढे रबराच्या चिकापासून बनलेल्या कोणत्याही वस्तूशी संबंध नको. हातमोजे नकोत, फुगेसुद्धा नकोत. त्यांनी त्याला गोळ्या दिल्या आणि एक इंजेक्शन नेहमी जवळ ठेवायला सांगितले. त्याला कासवाचे काम मिळाले. कासवाचा पोशाख कापडाचा होता. नाटकातही बेडूक आणि कासव कायम अंतर ठेवूनच वावरतील, असे ठरवले गेले.

त्या दिवशी कपडेपटात टांगलेला असताना मी पहिल्यांदा खरा घाबरलो. तोवर मला फाटायची भीती होती. आता कळले, की मी न फाटता, काहीही न करता, नुसता अंगाला लागूनही कुणाचा तरी श्वास कोंडू शकतो. तेव्हापासून नवा हात जवळ आला, की मी त्या हाताची कातडी बघत राहतो. लाल होते का? फुगते का?

नंतर जो हात आला तो ताईंच्या धाकट्या भावाचा होता. हा भाऊ एका जागी कधी उभा राहत नसे, म्हणून सगळे त्याला स्प्रिंग म्हणत. तोवर त्याने नाटकांतून झाड केले होते, भिंत केली होती आणि घोड्याचे मागचे पाय केले होते. प्रेक्षकांनी त्याचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता.

"आणि आताही दिसणार नाही," तो ताईंना म्हणाला. "पण निदान पुढचे पाय तरी माझेच असतील!"

त्याने पट्टी पूर्ण दोन दिवस बांधली. ताई येता-जाता त्याची बाही वर करून बघत. काही झाले नाही. तरीही ताईंनी आणखी दोन दिवस पट्टी बांधायला लावली. मग कुठे त्याची आणि माझी भेट झाली.

ती भेट मी विसरणार नाही. आधी नखे कापली. घड्याळ आणि गळ्यातली साखळी काढून ठेवली. माझ्या आतून पावडर भुरभुरली. स्प्रिंगने पाय घातले आणि तो ओरडला, "गार आहे ग!"

"थांब. तुझ्या अंगाने तापेल तो. आणि चिमटीत धरून ओढू नकोस. तळव्याने वर सरकव. हळू."

मी हळूहळू वर सरकलो. पोटऱ्या, गुडघे, कंबर, खांदे. सुरुवातीला मी परका होतो. मग त्याची ऊब माझ्यात आली आणि तो कुठे संपतो व मी कुठे सुरू होतो, हेच मला कळेनासे झाले. त्याने हात पसरले, मीही पसरलो. तो वाकला, मी सुरकुती न पडता वाकलो. कापडाला हे जमत नाही, मित्रांनो. ताईंनी ओल्या स्पंजाने मला पुसून चकाकी आणली आणि त्याला आरशासमोर उभे केले. सतत वळवळणारा स्प्रिंग आयुष्यात पहिल्यांदा स्तब्ध उभा राहिला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "पंख्याचा वारासुद्धा अंगावर कळतोय. हे काही घातल्यासारखं वाटत नाही. मीच असा झालोय असं वाटतंय."

मी फुशारलो. आणि त्याच क्षणी मला त्याच्या पाठीवरून ओघळणारा घामाचा पहिला थेंब लागला. त्याला बाहेर जायला वाट नव्हती. तो माझ्या आतून घरंगळत टाचेपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

ताईंनाही ते ठाऊक होते. त्यांनी नियम घालून दिला. आधी पाणी प्यायचे. मध्यंतर झाले की पोशाख उतरवायचा, अंग पुसायचे, वारा घ्यायचा, पुन्हा पाणी प्यायचे. पाठीवरची चेन स्वतःच्या हाताने उघडत नाही, म्हणून पोशाखात कधीही एकटे राहायचे नाही. प्रयोग संपला की त्या मला कोमट पाण्यात सौम्य साबणाने धूत, सावलीत रुंद लाकडी हँगरवर वाळवत आणि आतून-बाहेरून पावडर लावत.

'डराव' फार गाजले. मी उडी मारून रंगमंचावर आलो, की दिव्यांचा उजेड माझ्या पाठीवरून पाण्यासारखा वाहत जाई. मुले किंचाळत. प्रयोगानंतर एका छोट्या मुलीने हिंमत करून माझ्या गुडघ्याला बोट लावले आणि आईला ओरडून सांगितले, "आई, हा ओला नाहीच आहे!" मग रांगच लागली. प्रत्येकाला खात्री करून घ्यायची होती. स्प्रिंग आतून खुदखुदत असे. मी मात्र प्रत्येक बोटाबरोबर धास्तावत असे. या बोटाला वावडे नसेल ना? या बोटाचे नख लागणार नाही ना?

मग तो प्रयोग आला. बेडूक दुःखाने पाठ फिरवून बसतो, सगळीकडे शांतता पसरते, असा प्रसंग होता. त्या शांततेत मागच्या रांगेतून एक खणखणीत आवाज आला.

"बेडकाला चेन आहे!"

सारे नाट्यगृह हसले. आई-बाबा हसले, तबलजी हसला, कासवसुद्धा कवचात तोंड लपवून हसले. स्प्रिंग मात्र आत लाल झाला. त्याच्या कानांची ऊब मला जाणवली.

नाटकाचे दिग्दर्शक मनाने चांगले होते. त्यांना सगळे दादा म्हणत. पण नाटकातली गंमत मोडली की ते कासावीस होत. ते कपडेपटात आले.

"ताई, चेन झाकायला हवी. वरून त्याच रबराची पट्टी चिकटवून टाका."

"आणि मध्यंतरात उघडायचं कसं? पट्टी सोडवायला वेळ लागतो. ओढून काढली तर पोशाख फाटेल."

"मग मध्यंतरात नाही उघडायचं. सुरुवातीला चिकटवायची, शेवटी काढायची."

"दादा, आत माणूस आहे. त्याच्या अंगातली उष्णता कुठे जाणार?"

दादांच्या आधी स्प्रिंगच बोलला. "ताई, मला काही होत नाही ग. ती पोरं पुन्हा हसली तर मात्र मी खरंच मरेन."

असे बोलू नये, मित्रांनो. ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी पुष्कळ वाद घातला. शेवटी दर वेळी एकाच प्रयोगापुरती पट्टी चिकटवायला त्या तयार झाल्या, तेही एकामागोमाग दुसरा प्रयोग ठेवायचा नाही या अटीवर. दादांनी मान्य केले. पट्टी बसली. माझी पाठ एकसंध, सुंदर दिसू लागली आणि माझी झोप उडाली. आता मी पोशाख राहिलो नव्हतो. मी झाकण झालो होतो.

काही दिवस सारे सुरळीत चालले. मग उन्हाळ्यात एक दिवस असा आला, की दोन शाळांची मुले चुकून एकाच प्रयोगाला आली. निम्मी मुले बाहेर राहिली. कडक ऊन, हातात डबे, डोळ्यांत पाणी. दादांना ते बघवेना. त्यांनी सांगून टाकले, की हा प्रयोग संपला की लगेच दुसरा करू.

ताई धावत आल्या. "आपलं काय ठरलं होतं?"

"मुलं रडताहेत हो, ताई. एकच दिवस."

"मग मधल्या वेळात मी पोशाख उतरवणार."

"उतरवा ना!" दादा म्हणाले, आणि त्यांना ते मनापासून म्हणायचे होते.

पण पहिला प्रयोग संपला आणि मुले बेडकाला भेटायला अंगणात गोळा झाली. बाहेर ताटकळलेली मुलेही त्यांच्यात मिसळली. स्प्रिंग त्यांच्यामध्ये जाऊन उभा राहिला. फोटो सुरू झाले. ताई गर्दीतून वाट काढत आल्या.

"चल आत. पुरे झालं."

"ताई, रांग बघ केवढी आहे! एवढी पोरं झाली की आलोच."

"पाणी तरी पी." त्यांनी माझ्या तोंडातून नळी आत सरकवली.

"नको. मग मधेच जावं लागलं तर? हे सगळं काढून कोण बसणार?"

तुम्ही हसाल. पण पोशाखातल्या माणसाची ही खरीच पंचाईत असते. त्या दिवशी सकाळपासून त्याने घोटभर पाणीही घेतले नव्हते.

ऊन माझ्या पाठीवर पडत होते. मी तापलो होतो. तोही तापला होता. आमची उष्णता एकमेकांत घुमत होती. त्याचा घाम माझ्या पायांत साचला होता, पाऊल उचलले की पचपच आवाज होई. मुलांना त्याचीही मजा वाटली. बेडूक डबक्यातून आला! मुले टाळ्या पिटत होती. मला त्याचे काळीज ऐकू येत होते. कुणीतरी दार ठोठावत सुटावे तसे ते ठोके पडत होते.

एवढ्यात घंटा झाली. रांग संपलीच नव्हती. दुसऱ्या प्रयोगाची वेळ झाली होती.

"मी अजून तुझी चेन उघडली नाही," ताई म्हणाल्या.

"आता कुठे उघडतेस? पडदा वर जातोय. पहिल्या प्रवेशानंतर बघू." आणि तो पचपच करत पळाला.

रंगमंचावर दिवे लागले. तेही गरमच होते. तो उड्या मारू लागला आणि मला काहीतरी बदललेले जाणवले. आतापर्यंत तो घामाने निथळत होता, गरम होता. आता तो तसाच गरम होता आणि थरथरत होता. भर उन्हाळ्यात, रबराच्या आत, त्याला हुडहुडी भरली होती. एक वाक्य त्याने दोनदा म्हटले. दुसरे तो विसरला. कासवाने सावरून घेतले. मुलांना काही कळले नाही.

मित्रांनो, तेव्हा मी काय केले असेल असे तुम्हाला वाटते? मी काहीच केले नाही. मला काही करता येत नाही. घट्ट धरणे एवढेच मला येते आणि मी घट्ट धरून होतो. सैल हो, सैल हो, असे मी स्वतःला विनवत होतो. रबर ऐकत नाही.

मग कमळाच्या पानावर उडी मारायचा प्रसंग आला. स्प्रिंग धावला, मधेच थांबला आणि प्रेक्षकांकडे पाठ करून खाली बसला. मुले खदखदून हसली. त्याने मान खाली घातली आणि आत, फक्त मलाच ऐकू येईल अशा आवाजात म्हणाला, "आई, दिवा मालव ना."

तिथे आई नव्हती. आणि तो आडवा झाला.

मुले आणखी जोरात हसली. हसले नाही ते फक्त कासव. हिरोला पहिल्या दिवसापासून माझ्यापासून लांब राहायची ताकीद होती. त्याचा स्वतःचा जीव माझ्यामुळे कासावीस झाला होता. तो क्षणभर जागच्या जागी उभा राहिला. मग त्याने कवच फेकून दिले, दोन्ही हात माझ्या काखेत घातले आणि स्प्रिंगला फरफटत विंगेत आणले.

"पडदा!" ताई ओरडल्या. दादा दोरीशीच होते. पडदा पडला.

ताईंनी आधी माझे डोके काढले. स्प्रिंगचा चेहरा लालबुंद होता, डोळे अर्धवट उघडे होते. त्यांनी त्याला कुशीवर वळवून पट्टीला बोटे घातली. पट्टी सुटेना. घामाने आणि पावडरीच्या चिखलाने त्यांची बोटे निसटत होती. हिरो मदतीला वाकला तशी ताईंनी त्याला ढकलले.

"तू लांब हो! नळाखाली हात धू, आणि तुझं औषध घे. पळ!"

त्याच्या तळव्यांवर चट्टे उठू लागले होते. तो पळाला.

ताईंनी पट्टी सोडून दिली आणि कमरेची कात्री हातात घेतली. तेव्हा स्प्रिंगचे ओठ हलले.

"ताई... नको. पोशाख..."

त्याला मीच आठवत होतो, मित्रांनो. त्या अवस्थेतही माझीच काळजी. आणि मी, ज्याला जन्मापासून एका टाचणीची धास्ती होती, तो मी आत ओरडत होतो, कापा! ताई, कापा! कुणाची वाट बघताय?

ताईंनी वाट बघितली नाही. त्यांनी गळ्याशी दोन बोटे आत घालून मला त्याच्या अंगापासून उचलले, बोटांच्या मधोमध कात्री घातली आणि एक काप दिला. पुढे कात्रीची गरजच पडली नाही. मी टरकन फाटत गेलो, पोटापर्यंत. इतक्या आनंदाने मी कधी उडीसुद्धा मारली नव्हती. कोंडलेली वाफ बाहेर आली आणि बाहेरची हवा त्याच्या छातीला लागली.

"पाणी आणा! बर्फ मिळेल तिथून आणा! तोंडात ओतू नका, तो शुद्धीवर नाही. अंगावर ओता!"

त्यांनी मला सोलून बाजूला फेकले. दादांनी बादली ओतली. राजाचे झगे भिजवून त्याच्या मानेवर, काखेत ठेवले. कुणी पंखा ओढून आणला, कुणी डॉक्टरांच्या गाडीला फोन लावला. ताई त्याच्या गालांवर थोपटत एकच शब्द म्हणत होत्या. त्याचे खरे नाव. मी ते तेव्हा पहिल्यांदा ऐकले आणि ते तुम्हाला सांगणार नाही, कारण ते त्या दोघांचे आहे.

गाडी आली. सगळे तिच्याबरोबर गेले. हिरोलाही बरोबर नेले. त्याचा श्वास ठीक होता, पण चट्टे दंडापर्यंत चढले होते.

मी विंगेत पडून राहिलो. कुणीतरी पाय लागू नये म्हणून मला कोपऱ्यात सरकवले. तिथे पडद्याच्या चाकाखाली तेलाचे थेंब गळत होते. ते माझ्या डाव्या बाहीवर पडत राहिले. ती बाही हळूहळू मऊ, मग चिकट होत गेली. एरवी मी भीतीने अर्धमेला झालो असतो. तेव्हा मला बाहीचे काही वाटले नाही. आत अजून त्याचा घाम होता. तो वाळत चालला होता, आणि तो पुरता वाळेपर्यंत कुणी येऊन सांगेल का, की तो आहे की नाही, एवढेच माझ्या मनात होते. कुणी आले नाही. कपडेपटाला कुलूप होते. नाट्यगृहात झाडू मारणारे आले आणि काही न बोलता गेले. पोशाखाला कोण बातमी सांगणार?

पुष्कळ दिवसांनी ताईंची पावले ऐकू आली. ती जड नव्हती. पण मी त्यावर विश्वास ठेवला नाही. त्यांनी मला उचलले, मोरीत नेले, कोमट पाणी सोडले. मग त्यांचा फोन वाजला. ओल्या हाताने त्यांनी तो कानाला लावला.

"हो, आई. मी आत्ताच दवाखान्यातून आले. अग, आज त्याने स्वतःच्या हाताने चमचा धरला. आणि बोलायला काय लागलाय! नर्सला विचारत होता, घोड्याचे मागचे पाय कधी पाहिलेत का."

त्यांनी फोन ठेवला. नळ बंद केला. आणि मला छातीशी धरून त्या मोरीतच बसल्या. इतक्या दिवसांचे रडू त्यांना तेव्हा आले.

नंतर दादा आले. ते दाराशीच उभे राहिले. "ताई, चूक माझी."

"पट्टी चिकटवणारे हात माझे होते," ताई म्हणाल्या. "आणि पाणी नको म्हणणारा तो होता. आता वाटणी करत बसू नका, दादा. पुन्हा कसं होणार नाही ते बोला."

पुन्हा 'डराव' सुरू झाले तेव्हा बेडूक बदललेला होता. त्याचे डोके, पंजे आणि पाय तेवढे रबराचे होते. पोट-पाठ सुती कापडाची होती, आणि चेन पुढे, उघड्यावर, मोठी पिवळीधमक. दर प्रवेशानंतर डोके काढून पाणी प्यायचे ठरले. ताई ग्लास घेऊन विंगेत उभ्याच असत. बेडकाला हात लावू देण्याआधी मुलांना फुग्याने खाज येते का, ते विचारत. काही महिन्यांनी स्प्रिंगच पुन्हा बेडूक झाला. पहिल्या दिवशी रबरी डोके हातात घेऊन तो बराच वेळ बसून राहिला. ताईंनी घाई केली नाही. "नाही घातलंस तरी चालेल," एवढेच त्या म्हणाल्या. त्याने ते घातले, काढले, पुन्हा घातले.

आणि त्या प्रयोगातही एक मुलगा ओरडलाच, "बेडकाला चेन आहे!"

बेडूक गर्रकन वळला. "आहे! तुझ्या दप्तराला नाही का?"

असा हशा त्या नाट्यगृहाने आधी ऐकला नव्हता. कपडेपटापर्यंत आला तो.

मी पुन्हा रंगमंचावर गेलो नाही. तेलाने गेलेली बाही ताईंनी कापून टाकली. पोटावरची चीर जोडली, पण ती लपवली नाही. वरून रुंद पट्टी लावली, सगळ्यांना दिसेल अशी. मग मला पावडर लावून काळोख्या, थंड कपाटात ठेवले. अधूनमधून तिथे मला एकटे वाटते. टाळ्या आठवतात. चकाकी आठवते. काही वर्षे तर कपाट कुणी उघडलेच नाही, आणि मला वाटले, आता मी माझ्याच घडीला चिकटून जाणार.

पण नवे नट येतात. रबराची ती चकाकी बघून त्यांचे डोळे असेच मोठे होतात, जसे स्प्रिंगचे झाले होते. परवा एक मुलगी आली. नव्या नाटकात तिला मासोळी व्हायचे आहे. रबरी शेपूट बघून ती हरखून गेली. तिने ताईंना विचारले, "मी घरी नेऊन, एकटीच, जरा घालून बघू?"

ताईंचे केस आता पांढरे झाले आहेत. त्यांनी कपाट उघडले, मला टेबलावर पसरले आणि तिचा हात धरून तिचे बोट माझ्या चिरेवरून गळ्यापासून पोटापर्यंत फिरवले. मग सगळी हकीकत सांगितली. ती मुलगी ऐकता ऐकता खुर्चीवर बसली. शेवटी तिने स्वतःच मनगट पुढे केले आणि म्हणाली, "आधी पट्टी बांधा."

मित्रांनो, माझ्यासारखे लोक तुम्हाला पुष्कळ भेटतील. गमबूट, हातमोजे, पोहण्याच्या टोप्या, पाण्यात उतरणाऱ्यांचे पोशाख. आम्ही दिसतो छान, अंगाला बसतोही छान. आम्हाला ऊन, तेल आणि नखे लागू देऊ नका, ते आहेच. पण जुन्या वस्तू एरवी करतात तशी माझी विनंती नाही. मला जपा, असे मी म्हणणार नाही. माझ्या आत जो आहे त्याला जपा. त्याला पाणी विचारा. तो गप्प झाला तर हाक मारा. तो नको म्हणाला तरी एकदा नीट बघा. आणि वेळ आलीच, तर माझ्या चकाकीकडे बघत बसू नका. कात्री घ्या आणि मला फाडा.